गोळी कुटू नका, अख्खी गिळा

संपादक महोदय,

उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत मी ३१ वर्षं मोल्डर होतो, म्हणजे धातू ओतायचे वाळूचे साचे करायचो. औषधांवर लिहायचा मला काही अधिकार नाही. पण चांगलं औषध चार महिने वाया कसं घालवायचं, ते मी स्वतः करून बघितलंय, म्हणून लिहितो.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज आणि जखमा. पहिलं वर्ष मूळव्याध समजण्यातच गेलं. रक्त पडलं की मूळव्याध, हे आमच्या गल्लीत ठरलेलंच! तांबडा रस्सा बंद कर, सुरण खा, ताक पी. दिवसातून आठ-आठ वेळा पळापळ व्हायला लागली, वजन ९ किलो उतरलं, तेव्हा कुठं दुर्बिणीची तपासणी झाली आणि मेसालामाइनच्या गोळ्या सुरू झाल्या.

गोळी खारकेच्या बीएवढी. घशाखाली उतरेना. मग आमच्या मंडळींनी उपाय काढला : खलबत्त्यात कुटायची आणि मधातून चाटायची, वैद्याची मात्रा घेतात तशी. तिला तरी काय बोलणार? पाकिटावरची सूचना इंग्रजीत, तीही मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत.

चार महिने झाले तरी रक्त थांबेना. डोस वाढवायच्या आधी डॉक्टरांनी सहज विचारलं, "काका, गोळी घेता कशी?" मी मधाचं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

बहुतेक गोळ्या पोटात विरघळतात, रक्तात मिसळतात आणि रक्तातून दुखण्याच्या जागी पोचतात. मेसालामाइनचं तसं नाही. ते आतड्याला आतल्या बाजूनंच लागावं लागतं, जखमेला मलम लागतं तसं. उघडंच पोटात गेलं तर लहान आतड्याच्या सुरुवातीलाच बरंचसं शोषलं जातं आणि लघवीवाटे निघून जातं. म्हणून माझ्या गोळीवर लेप असतो. जठरातल्या आम्लात तो टिकतो. लहान आतड्यात पुढं जाल तसा आंबटपणा कमी होत जातो, आणि पार शेवटाला पीएच (आंबटपणा मोजायचं माप, आंबटपणा कमी तसा आकडा मोठा) ७ च्या आसपास आला की लेप विरघळतो. डॉक्टर एवढं बोलले आणि माझ्या डोळ्यांपुढं कोअर आला, कास्टिंगमध्ये पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवतात तो वाळूचा गाभा. कोटिंग मारल्याशिवाय कोअर साच्यात बसवला तर धातूचा रस ओतल्यावर वाळू कास्टिंगला चिकटून बसते. असल्या कामासाठी मी पोरांना शिव्या घातल्यात, आणि घरी स्वतःच कोटिंग कुटून खात होतो.

मुलानं नंतर याचा इतिहास वाचून दाखवला. स्टॉकहोमच्या डॉ. नान्ना स्वार्ट्झ यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस सांध्यांच्या दुखण्यासाठी सल्फासलाझिन हे औषध पुढं आणलं. ते कोलायटिसलाही लागू पडलं. त्यात दोन औषधं एकमेकांना जोडलेली असतात, आणि तो जोड मोठ्या आतड्यातले जिवाणू तोडतात. दोन्हींतलं काम कोणतं करतं, ते १९७७ मध्ये ऑक्सफर्डला उलगडलं. बांगलादेशचे डॉ. आझाद खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांना दोन्ही भाग वेगवेगळे एनिमातून देऊन बघितले. गुण आला तो आज मेसालामाइन म्हणतात त्या भागानं. दुसरा, सल्फा औषधाचा भाग म्हणजे नुसता ट्रक, माल दुसराच! पुष्कळांना त्रास व्हायचा तो या ट्रकचाच. मग ट्रक काढला, आणि माल पोचवायला लेप आला.

अख्खी गोळी गिळायला लागल्यावर सहा आठवड्यांत माझं रक्त थांबलं. मग मी दुसरा शहाणपणा केला. चैत्रात जोतिबाचा डोंगर चढून आलो, काही झालं नाही, म्हटलं आता बरा झालो, आणि गोळ्या बंद केल्या. श्रावणात पुन्हा रक्त. ही गोळी दुखणं मुळापासून काढत नाही, दाबून ठेवते. आता रोज घेतो आणि डॉक्टर सांगतील तेव्हा किडनीसाठी रक्त तपासून घेतो.

अजून एक, जरा घाण वाटेल पण सांगतो. कधीकधी शौचात गोळीचं टरफल दिसतं. रिकामं टरफल असेल तर घाबरू नये. मात्र अख्खीच गोळी वरचेवर पडत असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. आणि मेडिकलवाला म्हणाला "तीच आहे, दुसऱ्या कंपनीची", तर घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. लेप कंपनीगणिक वेगळा असतो.

मेडिकलवाल्यांना एक विनंती. सकाळ-संध्याकाळच्या रेघा तुम्ही पाकिटावर पेनानं मारताच. त्याच पेनानं शेजारी 'कुटू नये' एवढं मराठीत लिहीत चला.

– एक निवृत्त मोल्डर, कोल्हापूर