काकूंसाठी मिस्सा

प्रिय बाय,

रविवारी फोनवर तू रडलीस आणि मला धड काही बोलता आलं नाही. म्हणून आज सकाळीच कागद घेऊन बसलोय. तुझ्या प्रार्थनागटातल्या बाई म्हणाल्या, की नुकत्याच गेलेल्या आपल्या शेजारच्या काकूंचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, झाला नव्हता, त्यांनी येशूला स्वीकारलं नव्हतं, तेव्हा त्यांच्या तारणाची, म्हणजे त्या देवाजवळ पोचतील अशी, आशा धरू नकोस. तू मला विचारलंस, "बाबा, हे खरं आहे का?"

नाही, बाय. मला ते खरं वाटत नाही. पण नुसतं बाबा म्हणाले म्हणून तुझ्या मनातली भीती जायची नाही, हेही मला कळतं.

तू चार वर्षांची असताना तुला ताप चढला होता. बावखल, ते वाडीतलं तळं, भरून पाणी वाडीत शिरलं होतं, रिक्षा मिळत नव्हती, वीज गेलेली. काकू गुडघाभर पाण्यातून आल्या आणि रात्रभर तुझ्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत बसल्या. तोंडाने हळूहळू 'विठ्ठल विठ्ठल' चालू. तुझ्या आईचे हात इतके थरथरत होते, की घरातल्या अल्तारावरची, आपल्या देवघरातली, मेणबत्तीही काकूंनीच पेटवली. म्हणाल्या, "तुमच्या येशूलाही सांगितलंय गं, आता झोप तू." मे महिन्यात क्रुसापाशी रोझरीची प्रार्थना असायची, तेव्हा केळीच्या सोपटाचा धागा भिजवून त्या मोगऱ्याचा हार ओवून द्यायच्या, हे तर तुला आठवतच असेल.

आता त्या बाईंचं म्हणणं. ते त्यांनी मनाने रचलेलं नाही, हे आधी मान्य करू. "मार्ग, सत्य व जीवन मीच आहे, माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही," हे संत योहानाच्या शुभवर्तमानात आहे आणि मी ते मनापासून मानतो. 'चर्चबाहेर तारण नाही' हे वचनही जुनं आहे, तिसऱ्या शतकातल्या कार्थेजच्या संत सिप्रियनपासून चालत आलेलं. ते बोलत होते मुख्यतः चर्च सोडून वेगळी चूल मांडणाऱ्यांविषयी. पुढे १४४२ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने ते ज्यू आणि इतर सगळ्यांना लावलं, तेही फार कडक शब्दांत. हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

तू शाळेत असताना आपण जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या शवदर्शनाला गेलो होतो, रांगेत तुझे पाय दुखले होते. ते १५४९ साली धर्मप्रसारासाठी जपानला गेले. १५५२ च्या जानेवारीत त्यांनी तिथल्या कामाविषयी एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात आहे, की नवे ख्रिस्ती झालेले जपानी लोक मेलेल्या आईवडिलांसाठी, मुलांसाठी रडत. विचारत, आमची माणसं तुमच्या देवाचं नाव न ऐकताच गेली, दानधर्म करून, प्रार्थना करून त्यांना सोडवता येईल का? झेवियरनी सांगितलं, नाही. आणि पुढे लिहिलं, की इतक्या जिवाभावाच्या माणसांचं हे दुःख पाहून मला स्वतःलाच अश्रू आवरत नाहीत. बाय, ते वाचताना मला रविवारचा तुझा आवाज आठवला. पावणेपाचशे वर्षं झाली, प्रश्न तोच आहे.

पण त्याच पत्रात आणखी एक गोष्ट आहे. जपान्यांनी विचारलं, देव इतका दयाळू, तर आम्हाला इतका उशिरा का कळवलं? त्यावर झेवियर म्हणाले, देवाचा नियम तुमच्याकडे आधीपासूनच होता. चीनमधून कायदे येण्यापूर्वीही खून करू नये, चोरी करू नये हे तुम्हाला ठाऊक होतं, ते देवानेच माणसाच्या मनात लिहिलंय. मला वाटतं, उत्तर त्यांच्या हातात आलेलं होतं, पण ते आईबापांसाठी रडणाऱ्यांना देणं त्यांच्या काळात त्यांना जमलं नाही. म्हणून मी त्यांना दोष देत नाही.

चर्चला ते उत्तर पूर्ण उच्चारायला वेळ लागला. तिकडे अमेरिकेत बॉस्टनला लिओनार्ड फीनी नावाचे धर्मगुरू 'चर्चबाहेर तारण नाही' हे अक्षरशः शिकवत होते. १९४९ साली रोमने पत्र लिहून कळवलं, की या वचनाचा असा अर्थ चर्च घेत नाही. ते ऐकेनात, बोलावूनही रोमला जाईनात, तेव्हा १९५३ साली त्यांना बहिष्कृत केलं गेलं. मग आली दुसरी व्हॅटिकन परिषद, जगभरच्या बिशपांची रोममधली धर्मसभा. नोव्हेंबर १९६४ मध्ये तिने स्पष्ट म्हटलं, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे प्रामाणिक मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकबुद्धीला धरून वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं.

त्यानंतर दोनच आठवड्यांत पोप सहावे पॉल मुंबईत आले. तुझे आजोबा लोकलने गेले होते, ओव्हल मैदानावरच्या गर्दीत दिवसभर उभे होते. ३ डिसेंबरला, म्हणजे झेवियरच्याच सणाच्या दिवशी, पोप इतर धर्मांच्या प्रतिनिधींना भेटले आणि उपनिषदातली प्रार्थना म्हणाले: असतो मा सद्गमय, तमसो मा ज्योतिर्गमय. ही प्रार्थना आज प्रत्येक माणसाच्या मनातून उठावी, असंही म्हणाले. हे आजोबांना नंतर कळलं. ते घरी पुन्हा पुन्हा सांगायचे.

याचा अर्थ सगळ्या वाटा सारख्याच, असं मी म्हणत नाही. चर्चही म्हणत नाही. २००० सालच्या जाहीरनाम्यात रोमने पुन्हा सांगितलं, की तारणारा ख्रिस्तच. माझाही तोच विश्वास आहे. पण ख्रिस्ताने काकूंना कुठून कसं जवळ घेतलं, हे मोजायचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला नाही. रोमी शताधिपतीचा, म्हणजे एका परक्या लष्करी अधिकाऱ्याचा, विश्वास पाहून येशूला स्वतःलाच आश्चर्य वाटलं होतं. रेव्हरंड टिळक म्हणायचे, मी तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, आणि अलीकडे आल्यावर त्यांनी तो पूल जाळला नाही. काकूंच्या तोंडी तर जन्मभर तुकोबाच होते.

त्या बाईंशी भांडू नकोस. गट सोडायचा की नाही, ते तू ठरव. पण काकूंसाठी प्रार्थना करायला घाबरू नकोस. मी आपल्या फादरांना विचारलं, हिंदू माणसासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली आपली पवित्र उपासना, अर्पण करता येते का. ते म्हणाले, जिवंत असो की मृत, कुणासाठीही मिस्सा अर्पण करायची चर्चच्या कायद्यात मुभा आहे.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या मिस्सेला नाव दिलं. मी काकूंच्या मुलाला नुसतं कळवलं होतं, येईल असं वाटलं नव्हतं. तो आला. दारात चपला काढून शेवटच्या बाकावर बसला, सगळे उभे राहिले की उभा राहायचा. फादरांनी नाव वाचलं तेव्हा त्याने हात जोडले. बाहेर आल्यावर माझ्याजवळ थांबला आणि म्हणाला, "आईचं नाव बरोबर घेतलं हो फादरांनी, पूर्ण घेतलं."

तुझा,
बाबा