फाळाचं टोक

प्रिय विनू,

तुझं पत्र पोचलं. लोखंडी नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांवर बोलायला उभा राहणार आहेस, तर एक ऐक. 'लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते' या समजुतीवर अर्धा तास घालवू नकोस. शेतकऱ्याला हसण्यात वेळ जातो आणि मुद्दा निसटतो. तशी समजूत होती, त्यांचा पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, हे खरं. पण नांगर वापरणाऱ्यांची तक्रार वेगळी होती आणि ती रास्त होती: विलायती नांगराच्या मानानं किर्लोस्करांच्या नांगराचं टोक मऊ आहे.

टोकाचं एवढं काय, ते बघ. नांगर सपाट फरशीवर ठेवलास तर तो टाचेवर आणि फाळाच्या नाकावर टेकतो. मधे करंगळीही शिरणार नाही एवढी फट राहते. त्या फटीमुळेच तो मातीत घुसतो. नाक झिजलं की फट मिटते, नांगर वरवर घसरतो, माणूस मुठीवर रेटत राहतो आणि बैल फुकट दमतात. लाकडी नांगराचा फाळ घडीव लोखंडाचा, तो गावचा लोहार तापवून, ठोकून पुन्हा टोकदार करून देई. लोखंडी नांगराचा फाळ बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा; तो ठोकला की फुटतो. झिजला की नवाच घ्यायचा. मग मऊ फाळ कोणाला परवडणार?

यावरचा इलाज साच्यात आहे. बीड सावकाश निवलं तर त्यातला कार्बन ग्रॅफाइट होऊन वेगळा पडतो. तुकडा मोडला तर आत करडा दिसतो, कानशीनं कापता येतो. झटकन निवलं तर कार्बन लोखंडातच अडकतो. आतून पांढरं, चकचकीत, कानस नुसती घसरते. पण असं बीड ठिसूळ. म्हणून फाळाच्या खालच्या अंगाला साच्यात वाळूऐवजी लोखंडी ठोकळा बसवतात. खालची काही मिलिमीटर जाडी पांढरी होते, वरचं करडंच राहतं. मातीनं वरचं आधी झिजतं, खालची कड पुढे उरते, आणि फाळ आपली धार आपणच राखतो. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॅन्समनं १८०३ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं. गुपित काही नव्हतं, हाताला जमायला हवं होतं.

आणि बिघडतं ते असं. बिडात सिलिकॉन जास्त झालं तर ठोकळा असूनही फाळ करडाच निघतो. कमी पडलं तर आरपार पांढरा होतो आणि पहिल्या दगडाला मोडतो. ठोकळा दमट किंवा गंजका असेल तर वायू अडकून छिद्रं पडतात. म्हणून ओतण्याआधी तो हाताला चटका बसेल इतका तापवायचा. निवताना बीड आकसतं, तेव्हा लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा पाडतात तो नमुना, फुटामागे एक सूत (इंचाचा आठवा भाग) मोठा धरायचा. इथे चुकलास तर बोल्टची भोकं जुळत नाहीत. सुटा फाळ जुन्या नांगराला बसलाच नाही तर धंदा संपला.

माझ्या मते लक्ष्मणरावांची खरी तयारी इथे कामी आली. जन्म १८६९, गुर्लहोसूर. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून ते सुटलं आणि यांत्रिक ड्रॉइंग हाती राहिलं. पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवलं, मग भावाबरोबर बेळगावात सायकलचं दुकान, कडबा कापायचं यंत्र, आणि १९०३ च्या सुमारास नांगर. पॅटर्न करणाऱ्याला वस्तू उलटी, पोकळ आणि सूतभर मोठी दिसावी लागते. ती नजर ड्रॉइंगनंच येते.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ दिला. १९१० ची किर्लोस्करवाडी ती हीच. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूर दरबारच्या जुन्या तोफा वितळवल्या. ऐकायला छान वाटतं, पण ओतकाम करणाऱ्याला घाम फोडणारं. तोफ अख्खी भट्टीच्या तोंडात मावत नाही, आधी फोडावी लागते. आणि प्रत्येक तोफेचं बीड वेगळं, त्यामुळे मिश्रणाचा अंदाज रोज नव्यानं.

भाषणाला जाताना भंगारवाल्याकडून बिडाचा एक मोडका फाळ घेऊन जा, आणि एक कानस. वरून एकदा घास, खालून एकदा. पोरांना आवाजातला फरक मागच्या बाकावरही ऐकू जाईल.

तुझा,
मधू