नस ओढायची नाही, सरकवायची: एक आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पकडीचा जोर वेगळा आणि पकडीवरचा ताबा वेगळा, हे तुम्ही आमच्या डोक्यात पक्कं बसवलंत. त्याबद्दल हे पत्र.

डायनॅमोमीटरवर (पकडीचा जोर मोजायच्या यंत्रावर) आकडा चांगला, तरी त्याच हातातून कप निसटतो, अशी तक्रार नवी नाही. आकडा फक्त जास्तीत जास्त जोर सांगतो. कप धरायला त्यातला थोडाच लागतो, आणि तो किती, हे बोटांच्या टोकांची त्वचा क्षणोक्षणी कळवत असते. वस्तू जराशी घसरली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड आपोआप घट्ट होते. कार्पल टनेलमध्ये, म्हणजे मनगटाच्या तळव्याकडच्या अरुंद बोगद्यात, नऊ स्नायुबंधांच्या गर्दीत मीडियन नर्व्ह (अंगठा आणि शेजारच्या बोटांची संवेदना नेणारी नस) दाबली गेली, की ही खबर अर्धवट पोहोचते. मग माणूस गरजेपेक्षा जास्त आवळतो, हात लवकर थकतो आणि लक्ष हटलं की वस्तू खाली.

तुमची ग्लासची तपासणी म्हणूनच आवडली. पातळ प्लास्टिकचा ग्लास अर्धा पाण्याने भरायचा, अंगठा आणि दोन बोटांत 10 सेकंद धरायला सांगायचा. आधी डोळे उघडे, मग मिटून. चेपतो की घसरतो, एवढंच बघायचं. डायनॅमोमीटर आहेच (कोपर 90 अंशांत, दांडा दुसऱ्या खाचेत, तीन वेळांची सरासरी), पण आता दोन्ही नोंदी शेजारी शेजारी असतात.

सगळ्यात मोठे आभार स्लायडरचे, म्हणजे नस न ताणता पुढेमागे सरकवण्याच्या व्यायामाचे. नस म्हणजे आखडलेला स्नायू नव्हे, ती धरून ताणायची नसते. सशांवरच्या प्रयोगांत नसेची लांबी सुमारे 8 टक्के वाढताच तिच्यातल्या बारीक शिरांचा प्रवाह मंदावू लागला आणि 15 टक्क्यांच्या आसपास रक्त खेळायचंच थांबलं. स्लायडरमध्ये एका सांध्यावर ताण देताना दुसरा सैल सोडायचा. मीडियनसाठी हात बाजूला, खांद्याच्या जरा खाली. कोपर सरळ होताना मनगट आत, तळव्याकडे वाकवायचं, कोपर वाकताना मनगट मागे न्यायचं. एका वेळी 10, दिवसातून दोन-तीनदा, टोकाला न थांबता. यात नस टेन्शनरपेक्षा (दोन्ही सांध्यांवर एकदम ताण देणाऱ्या व्यायामापेक्षा) जास्त सरकते आणि ताण कितीतरी कमी पडतो. खांदा कानाकडे उचलला जातो तिथे निम्मा व्यायाम वाया जातो. आरसा समोर ठेवायची तुमची सूचना साधी, पण नेमकी.

आणि ती अल्नरची, म्हणजे करंगळीकडे जाणाऱ्या नसेची, चूक! करंगळीला मुंग्या असलेल्याच्या हातातही सरसकट मीडियनच्याच व्यायामाचा कागद दिला जातो. पण कोपर वाकवून मनगट मागे नेणं ही अल्नर नर्व्ह ताणण्याचीच स्थिती. म्हणजे एकीचा स्लायडर तो दुसरीचा टेन्शनर. अल्नरसाठी जोडी उलटी: कोपर वाकताना मनगटही आत, कोपर सरळ होताना मनगट मागे. हे तुम्ही दोन्ही हात हवेत धरून दाखवलंत, म्हणून डोक्यात राहिलं. नुसतं वाचून गोंधळच होतो.

तुम्ही फाजील आशाही दाखवली नाहीत, हे विशेष. व्यायामानंतर ग्लास लगेच नीट धरता आला, तरी तो फरक किती टिकतो ते दुसऱ्या दिवशी व्यायामाआधी पुन्हा बघायचं. रात्री मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट (आधाराची पट्टी) चालूच राहणार. अंगठ्याच्या बुडाचा उंचवटा सपाट होत असेल, बधिरपणा दिवसभर जात नसेल किंवा शर्टाचं बटण लावणं आठवड्यागणिक अवघड होत असेल, तर स्लायडर मोजत बसायचं नाही, रुग्णाला सर्जनकडे पाठवायचं.

रुग्णांना द्यायच्या कागदावर तुमचं वाक्य जसंच्या तसं ठेवलं आहे: व्यायाम थांबवल्यावर मुंग्या लगेच जायला हव्यात, रेंगाळल्या तर पुढच्या वेळी हालचाल निम्मी करा. आधीच्या कागदावर तिथे ‘जमेल तितकं ताणा’ असं होतं.

आपले कृतज्ञ,
हस्तोपचार विभागातील फिजिओथेरपिस्ट