फोन परत देण्याआधी : मित्रास पत्र

दापोली तालुका,
रविवार, सायंकाळ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे चार पानी पत्र परवा टपालाने आले. कित्येक वर्षांनी पाकिटावर तुझे अक्षर पाहिले आणि ते फोडण्याआधीच काळजात चर्र झाले. ज्याच्याशी आठवड्यातून दोनदा फोनवर बोलणे होते त्याने पत्र लिहावे, याचा अर्थ फोनवर सांगता येणार नाही असे काही घडले आहे, हे उघड होते. पत्र वाचले, घडी घालून ठेवले, सड्यावर, म्हणजे वाडीवरच्या कातळी पठारावर, एक फेरी मारून आलो आणि पुन्हा वाचले. अडीच लाख रुपये गेल्याचे दुःख आहेच, पण ते दोन दिवस तू कोणालाही काही न सांगता कसे काढलेस, या विचाराने मला अधिक वाईट वाटते. आता स्मार्टफोन मुलाला परत देणार, नंबरही बंद करणार आणि पूर्वीसारखे फोनशिवाय राहणार, असे तू लिहिले आहेस. त्याच निश्चयाविषयी मला तुझ्याशी सविस्तर बोलायचे आहे.

प्रथम हे सांगतो, की तू स्वतःला जो मूर्खपणाचा दोष लावून घेतला आहेस तो मला मान्य नाही. तुझ्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडल्याचा पहिला फोन, मग व्हिडिओ कॉलवर पोलिसी गणवेशातला माणूस आणि त्याच्या मागे थाटलेले कार्यालय, मग कॅमेरा चालू ठेवण्याची सक्ती, हा सगळा प्रकार ‘डिजिटल अरेस्ट’ या नावाने देशभर इतका पसरला, की २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून लोकांना त्याविषयी सावध केले आणि कायद्यात अशी अटकच नाही, हे स्पष्ट सांगितले. त्यात शिकलेसवरलेले, मोठ्या हुद्द्यांवर काम केलेले लोकही फसले आहेत. तुझ्या पत्रातला एक प्रसंग मात्र माझ्या मनातून जात नाही. वहिनी शेजारच्या खोलीत गव्हले करत बसल्या होत्या आणि तू दाराला कडी लावून सहा तास त्या पडद्यासमोर बसून होतास. त्यांनी चहाचे विचारले तेव्हा तू ‘काम आहे’ एवढेच म्हणालास. त्या वेळी दार उघडले असतेस, तर वहिनींनी तो फोन तुझ्या हातातून काढून घेतला असता याची मला खात्री आहे. त्या लोकांनाही हे ठाऊक असते, म्हणूनच घरात कोणाशी बोलायचे नाही, ही त्यांची पहिली अट असते. ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तू तिसऱ्या दिवशी तक्रार केलीस. पहिल्या काही तासांत केली असती, तर रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता जास्त होती, हे खरे. तरीही तक्रार नोंदवलीस हे योग्यच झाले. तिचा पाठपुरावा सोडू नकोस.

आता माझी गाऱ्हाणी ऐक, म्हणजे मी डोळे झाकून फोनची बाजू घेत नाही, हे तुझ्या ध्यानात येईल.

आमची वाडी खोऱ्यात आहे आणि टॉवर सड्याच्या पलीकडे. मधला कातळाचा डोंगर लहरींना ओलांडता येत नाही आणि फोन मात्र टॉवर गाठण्यासाठी आपली शक्ती वाढवत राहतो. त्यामुळे आमच्याकडे फोन न वापरताही तापतो आणि संध्याकाळपर्यंत त्याची बॅटरी उतरते. हे मी वर्षानुवर्षे सोसले, कारण बोलायचे असेल तर वीस मिनिटे चढून सड्यावर जाता येते. पण आता प्रश्न बोलण्यापुरता राहिलेला नाही. गॅसचे सिलिंडर, निवृत्तिवेतनाचे खाते, आधार, अगदी २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद, हे सारे मोबाईलशी बांधले गेले आहे. गावातल्या सेवा केंद्रात इंटरनेट तारेने येते, पण तिथे मोबाईलला रेंज नाही. अर्ज संगणकावर भरला जातो आणि ओटीपी मात्र फोनवर यायचा असतो. मग केंद्रातला मुलगा आपला फोन घेऊन वरच्या वळणापर्यंत धावतो आणि संदेश आला, की तिथून ते सहा आकडे मोठ्याने ओरडून सांगतो. जे आकडे कोणालाही सांगू नका असे त्याच संदेशात बजावलेले असते, ते आमच्या गावात साऱ्या आळीला ऐकू जातात. यात त्या मुलाचा काय दोष? तो तर आमच्यासाठी धावतो. दोष आहे तो प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येक घरावर रेंज असणार, हे गृहीत धरून व्यवस्था उभी करणाऱ्यांचा.

आमच्या शेजारच्या आजींचे पाहा. त्यांच्याकडे फोन नाही, म्हणून त्यांच्या खात्याला मुंबईतल्या पुतण्याचा नंबर जोडलेला आहे. काहीही काम निघाले, की आजी माझ्याकडे येतात, मी सड्यावर जाऊन पुतण्याला फोन लावतो, तो कारखान्यात पाळीवर असतो आणि संध्याकाळी तो आकडे कळवतो तोवर ते निकामी झालेले असतात. गेल्या पावसाळ्यात असे तीनदा झाले. तिसऱ्यांदा आजी मला म्हणाल्या, ‘मास्तर, मी समोर उभी आहे, तरी ती मीच आहे हे पुतण्याने सांगायला हवे काय?’ मला उत्तर देता आले नाही. आयुष्यभर स्वतःच्या अंगठ्यावर व्यवहार केलेल्या बाईला आपली ओळख दुसऱ्याच्या खिशात ठेवावी लागते, याचा मला मनापासून राग येतो.

रिचार्जचेही तसेच आहे. महिना म्हणून जो खर्च आपण धरतो तो २८ दिवसांचा असतो आणि वर्षाला बाराऐवजी तेरा रिचार्ज करावे लागतात. दूरसंचार नियामकाने २०२२ मध्ये किमान एक योजना ३० दिवसांची ठेवणे कंपन्यांना बंधनकारक केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे आणि संदेश यांच्यासाठी वेगळ्या योजना देण्यास सांगितले, पण दुकानात मागितल्याशिवाय त्या कोणी पुढे करत नाही. कर्जाचे आणि भूखंडांचे फोन तर सांगायलाच नकोत. संध्याकाळी पडवीत चार माणसे बसली, तर चौघांच्या माना खाली असतात. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवतात. तसे आमच्याकडेही व्हावे, म्हणून मी ग्रामसभेत बोललो होतो. अजून जमलेले नाही, पण मी तो विषय सोडलेला नाही.

इतके सगळे असूनही मी तुला फोन सोडू नकोस असे म्हणतो, त्याची कारणे आपल्या दोघांच्या आयुष्यातलीच आहेत.

१९८७ साली माझे वडील गेले, तेव्हा मी जालन्याकडे नोकरीवर होतो. तार मला तिसऱ्या दिवशी मिळाली आणि मी घरी पोहोचलो तेव्हा अस्थी गोळा करून झाल्या होत्या. आईने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, पण ते शेवटचे दर्शन चुकल्याची खंत आजही जात नाही. देशातला पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि दिल्ली यांच्यामध्ये झाला, ती बातमी आपण वर्तमानपत्रात वाचली होती, पण हे यंत्र कधी आपल्या खिशात येईल असे त्या दिवशी दोघांनाही वाटले नव्हते. तू पहिला फोन घेतलास तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत, म्हणून दोनदा वाजवून ठेवला म्हणजे सुखरूप पोहोचलो, अशी आपली खूण ठरली होती. २००३ मध्ये आलेला कॉल मोफत झाला आणि त्यानंतर आपण खऱ्या अर्थाने बोलू लागलो. नोकरीच्या पंचवीस वर्षांत आपण एकमेकांना जितके भेटलो नव्हतो, तितके त्यानंतरच्या पाच वर्षांत बोललो.

दुसरी गोष्ट तुला थोडी ठाऊक आहे, पण पूर्ण कधी सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी ऑक्टोबरात सड्यावरच्या आंब्याच्या बागेत गवत काढताना हिच्या पायाला फुरसे हा विषारी साप चावला. बाग वर होती म्हणून रेंज होती, एवढेच आमचे नशीब. मी रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन लावला आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना. त्यांनी पाय हलवू देऊ नका, घट्ट दोरी बांधू नका, कापू नका, चालत तर मुळीच आणू नका, असे एकेक वाक्य सावकाश सांगितले आणि प्रतिविष काढून ठेवतो म्हणाले. वाडीतल्या दोन मुलांनाही फोनवरूनच बोलावले, त्यांनी हिला खुर्चीत बसवून गाडीच्या रस्त्यापर्यंत आणले. केंद्रात पोहोचल्यावर त्यांनी काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे तसेच ठेवले. ते गोठले नाही, तेव्हा विष भिनल्याची खात्री झाली आणि उपचार लगेच सुरू झाले. पाचव्या दिवशी ही घरी आली. त्या दिवशी मी फोन खाली घरी विसरून गेलो असतो तर काय झाले असते, हा विचार मी मुद्दाम करत नाही.

आंब्याविषयी थोडक्यात लिहितो. पूर्वी पेट्या वाशीला दलालाकडे जात आणि विक्रीच्या हिशेबाची पट्टी येईपर्यंत आपला माल किती दराने गेला हे कळत नसे. आता पुण्यातली तीस-पस्तीस घरे मला संदेश पाठवतात, मी पाच डझनांची पेटी गाडीत चढवतो आणि पैसे यूपीआयने त्याच दिवशी खात्यात जमा होतात. तूच मला पहिली दहा गिऱ्हाईके मिळवून दिली होतीस, हे विसरू नकोस.

आणि निसर्ग वादळ. ३ जून २०२० ला दुपारी वारा सुटला आणि दोन-तीन तासांत आगरातल्या पोफळी काड्यांसारख्या मोडून पडल्या. वीज गेली आणि त्यापाठोपाठ रेंजही गेली. आम्ही दोघे धडधाकट होतो, धान्य होते, विहिरीला पाणी होते, पण ‘सुखरूप आहोत’ हे दोन शब्द पुण्याला पोहोचवण्याचे कोणतेही साधन आमच्यापाशी नव्हते. टाळेबंदी असतानाही परवाना काढून चिरंजीव पाचव्या दिवशी आला. रस्त्यात झाडे आडवी पडलेली असल्याने शेवटचे सहा किलोमीटर तो चालत आला आणि दारात मला पाहून काही न बोलता ओटीवर बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर ते पाच दिवस दिसत होते. पुढे कित्येक दिवसांनी सड्यावर रेंज आली, तेव्हा फोनमध्ये मिस्ड कॉलच्या सूचना एकामागून एक येऊ लागल्या. त्यात तुझ्या एकट्याच्या २७ होत्या. लागत नाही हे कळत असूनही तू सकाळ-संध्याकाळ माझा नंबर फिरवत होतास. मी त्या सूचना वाचत तिथेच एका दगडावर बसलो. ज्या नंबरावरून त्या आल्या, तोच तू आता बंद करायला निघाला आहेस.

म्हणून माझी विनंती अशी आहे, की स्मार्टफोन नको असेल तर खुशाल बाजूला ठेव, पण नंबर सोडू नकोस. बंद केलेला नंबर किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या कोणाला तरी दिला जातो आणि तुझी बँक, निवृत्तिवेतन, गॅस हे सगळे त्यालाच जोडलेले आहे. ते बदलून घेण्याआधी नंबर सोडणे म्हणजे आपल्या घराची किल्ली अनोळखी माणसाच्या हाती देणे. तुझे जुने सिम बटणांच्या साध्या फोनमध्ये घाल आणि केवळ बोलण्याची योजना दुकानात नाव घेऊन माग. व्हिडिओ कॉल त्या फोनवर येणारच नाही, आणि साध्या फोनवरूनही यूपीआयने पैसे देण्याची सोय २०२२ पासून आहे. नातवंडांचे चेहरे पाहण्यासाठी स्मार्टफोन दुसरा नंबर घालून बैठकीच्या खोलीत ठेव, तो नंबर बँकेला देऊ नकोस आणि त्यावर आलेला कोणताही अनोळखी कॉल वहिनींच्या समोर घे. वहिनींना आता सगळे माहीत आहे, ही तुझ्या पत्रातली मला सर्वांत दिलासा देणारी बातमी आहे.

जमले तर पुढच्या महिन्यात दोघेही इकडे या, माडाचे शहाळे आणि नाचणीची भाकरी तयार आहे. तोवर मी दर रविवारी सकाळी ९ वाजता सड्यावर बागेच्या गडग्यापाशी असेन. तुला आत्ताच बोलायचे नसेल तर उचलू नकोस, मी दोनदा वाजवून ठेवीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा बालमित्र