गप्प मुलाची भीती

प्रिय माधवी,

पत्र पोचलं. नाइट ड्यूट्या संपेपर्यंत उत्तर लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण अर्धवट झोपेत लिहिलेली पत्रं तू जपून ठेवतेस आणि पुढे वर्षभर चिडवतेस. तर तुझ्या भाचीला मुलांच्या हॉस्पिटलात नर्स व्हायचंय, आणि तुझा प्रश्न एकच: लेकरांचे हाल रोज बघवतात कसे? भेटेल तो मला हेच विचारतो. बाकीच्यांना मी "सवय होते" म्हणून वाटेला लावते.

अगं, रडण्याचा त्रास होतच नाही. वॉर्डात शिरताना दोन-चार पोरांनी भोकाड पसरलेलं ऐकलं की उलट बरं वाटतं. जे मूल सुई टोचतानाही हात ओढून घेत नाही, नुसतं छताकडे बघत पडून राहतं, त्याच्याकडे आधी धावायचं. मुलांचं शरीर फार वेळ तग धरतं. नाडी पळत असते, हातपाय गार पडलेले असतात, पण रक्तदाब ठीकच दिसतो. तो घसरला म्हणजे फार उशीर झालेला असतो. म्हणून मॉनिटरवर विसंबायचं नाही. झबलं वर करून छाती किती वेळा हलते ते पूर्ण एक मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, वर्षाच्या आतलं ५०, त्यापुढे पाच वर्षांपर्यंतचं ४०, तर डॉक्टरांना हाक मारायची.

आणि गणित! तुझी भाची गणिताला कंटाळते म्हणालीस, त्याची मला जास्त काळजी वाटते. इथे सगळं वजनावर चालतं. साधं तापाचं पॅरासिटामॉल घे, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दसपट. म्हणून जोखमीच्या औषधांचा हिशोब दोघींनी वेगवेगळा मांडायचा आणि मग जुळवायचा. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सगळं मिळून जेमतेम पाव लिटर रक्त असतं. तपासणीसाठी मिलिलिटरभर काढायचं झालं तरी विचार करावा लागतो.

शीर शोधणं हा तर वेगळाच प्रकार. इवलासा हात, त्यावर गुबगुबीत चरबी. आधी तो ऊबेत धरायचा, मग तळव्याखालून टॉर्च लावायची. हात लालबुंद उजळतो आणि त्यात एक बारीक काळसर रेघ दिसते. ती दिसली की मी श्वास रोखते. एकजण जिभेवर साखरपाण्याचे थेंब सोडते, कारण त्याने तान्ह्या बाळांना टोचणं कमी दुखतं. मग पिवळा कॅन्युला, म्हणजे शिरेत ठेवायची बारीक नळी, चिकटपट्टी, हाताखाली फळी. मोठ्या मुलांना मात्र "दुखणार नाही" असं कधीही सांगायचं नाही. "दुखेल, तू तीन म्हणालास की मी टोचते" असं सांगायचं. एकदा खोटं बोललीस की ते पोर पुढे थर्मामीटरलाही हात लावू देत नाही. आणि टोचाटोची शक्यतो त्याच्या खाटेवर करायची नाही. खाट तेवढी त्याची राहू द्यायची.

आईबापांबद्दल लिहायला बसले तर वही पुरणार नाही. एके काळी त्यांना ठरावीक वेळेलाच आत सोडायचे. ब्रिटनमध्ये १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईबापांवरची ही बंधनं काढा म्हणून सांगितलं, तरी दारं उघडायला पुढे कितीतरी वर्षं गेली. मला याचा राग येतो. "आज हा नेहमीसारखा नाही" असं आई म्हणाली, तर रिपोर्ट काहीही म्हणोत, पुन्हा तपासायचं. तेच आईबाप कधी आपल्यावर ओरडतातही. बहुतेकदा ती भीतीच असते. सगळ्यांची नसते, काही माणसं मुळातच खडूस असतात, तेही सहन करायचं.

मरणाबद्दल जास्त लिहीत नाही. एवढंच सांगते, की तासाभराने शेजारच्या खाटेवरचा "सिस्टर, माझा फुगा फुटला" म्हणून हाक मारतो. त्याला उसनं हसू लगेच कळतं, त्यामुळे खरंच हसावं लागतं. हे कसं जमतं ते विचारू नकोस. काही दिवस जमत नाही, तेव्हा सोबतची म्हणते, तू जा, मी बघते.

भाचीला "मुलं आवडतात का" एवढंच विचारू नकोस, मुलं सगळ्यांना आवडतात. पहाटे चार वाजता भागाकार न चुकता करशील का, ते विचार. पुढच्या आठवड्यात माझी सकाळपाळी आहे, दुपारनंतर फोन करायला सांग. तिचं ती बोलू दे, तू मध्ये बोलायचं नाहीस.

तुझी,
शुभा