धुऱ्यावरच्या बांबूला टीपी कशाची?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यात धानाच्या बांधीला लागून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बांबूचं बेट बऱ्याच शेतकऱ्यांकडे असतं. हा बांबू तोडायला वनखात्याचा परवाना लागत नाही, आणि न्यायला टीपी, म्हणजे वाहतुकीचा परवानाही लागत नाही. पण नाक्यावर बंडी (बैलगाडी) अडवणाऱ्यालाच हे ठाऊक नसेल तर शेतकऱ्याने कोणाकडे जावं?

यजमान वारल्यापासून शेत माझ्या नावावर आहे. दिवाळीच्या आधी गावातल्या एका बुरड बाईला सुपं-टोपल्यांसाठी हिरवा बांबू हवा होता. धान कापणीला आला की सुपांना मागणी असते, त्यामुळे तिची घाई होती. तिच्या माहेरच्या गावी बांबू पोचवायला भाच्यासोबत मी बंडीवर निघाले, तर वाटेतल्या नाक्यावर वनरक्षकाने थांबवलं. “टीपी दाखवा.” मी सातबारा पुढे केला. त्याने तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “मालकाला पाठवा, बाई.” म्हटलं, “मालक मीच हावो, सायब. सातबाऱ्यावर नाव वाचा.”

मग म्हणे, बांबू हे झाड आहे, झाडाला परवाना लागतो. 1927 च्या भारतीय वन अधिनियमात झाडाच्या व्याख्येत बांबू होता, हे खरं. पण नोव्हेंबर 2017 मध्ये वटहुकूम निघाला, नंतर संसदेने कायदा केला आणि त्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूला तोडीचा आणि वाहतुकीचा परवाना लागू नये, याचसाठी तो बदल होता. भाच्याने मोबाईलवर तो कायदा उघडून दाखवला. उत्तर मिळालं, “मोबाईलवरचा कायदा इथं चालत नाही. ग्रामसभेचा पास आणा.” ग्रामसभेचा पास लागतो तो सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे कायद्याने गावाला हक्क मिळालेल्या जंगलातल्या बांबूला. आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2011 मध्ये असं पासांचं पुस्तक मिळालं, तेव्हा केंद्रीय मंत्री गावात आले होते. ज्या जिल्ह्यात हे घडलं, तिथल्या नाक्यावर जंगलाचा बांबू कोणता आणि शेताचा कोणता हा फरक शिकवलेला नसावा, याचा मला राग येतो. त्या पोरावर तेवढा नाही. त्याला कोणी सांगितलंच नसेल.

बांबू नाक्यावर उतरवून घेतला. पावती दिली नाही. साहेब दौऱ्यावर होते, ते आल्यावर सोडला. तोवर उन्हात पडून तो वाळला होता. टोपलीचा बांबू ओलाच चिरावा लागतो, वाळल्यावर त्याच्या बारीक कामट्या निघत नाहीत, तुटतात. बुरडीण बिचारी काही बोलली नाही, पण तिचा हंगाम गेला आणि मी तिच्याकडून पैसे घेतले नाहीत.

जंगलातून बांबू चोरून नेतात, हे मलाही माहीत आहे, आणि ते थांबवायलाच हवं. शंका आली तर गार्डने आमच्या धुऱ्यावर यावं. नुकत्याच तोडलेल्या बांबूचे ताजे खुंट तिथं उभे असतात. तलाठी आहे, गावचे पंच आहेत, कोणालाही विचारता येतं. तेवढे कष्ट न घेता बंडी अडवून ठेवणं म्हणजे जंगल राखणं नव्हे.

वनविभागाला माझी विनंती आहे की, खाजगी शेतातल्या बांबूला परवाना लागत नाही असा फलक प्रत्येक नाक्यावर ठळक मराठीत लावावा. माल अडवलाच तर कोणत्या कलमाखाली, किती वाजता आणि कोणी अडवला हे लिहून सहीनिशी द्यावं. शासन एकीकडे धुऱ्यावर बांबू लावा म्हणून रोपांसाठी अनुदान देतं. ती रोपं वाढली की बांबू विकावाच लागणार, आणि तो याच नाक्यांवरून जाणार. माझ्या शेतातली आणखी दोन बेटं उन्हाळ्याआधी तोडायची आहेत. त्याआधी हे व्हावं.

आपली,
एक शेतकरी महिला, जि. गडचिरोली