सूचना : शनिवारी मुलांसाठी सूर्यमाला, आवारात आणि गच्चीवर

सोसायटीतल्या सर्व आई-बाबा, आजी-आजोबांना नमस्कार.

येत्या शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मुलांना खाली पाठवा. तक्त्यावर सगळे ग्रह शेजारी-शेजारी दाटीवाटीने बसलेले असतात, त्यामुळे अंतराळ किती रिकामं आहे हे मुलांना कळतच नाही. म्हणून या वेळी सूर्यमाला पायी चालायची. फुटबॉल म्हणजे सूर्य, तो गेटपाशी. पृथ्वी म्हणजे मोहरीचा दाणा, तो तिथून साधारण २४ मीटरवर. चंद्र त्या मोहरीपासून जेमतेम ६ सेंटिमीटर, म्हणजे चार बोटांवर; माणूस आजवर पोहोचला तो एवढाच लांब! गुरू बोराएवढा, सव्वाशे मीटरवर. नेपच्यून वाटाण्याएवढा, पण त्याच्यासाठी ७०० मीटर चालत रस्त्यावर जावं लागेल, तेव्हा चार-पाच पालक सोबत हवेतच. प्लूटोला २००६ पासून बटुग्रह म्हणतात, तो वगळलाय. रडारड नको.

मोहरी पुठ्ठ्यावर चिकटवून आणा. मागच्या वेळी आमची पृथ्वी कुणाच्या तरी चपलेखाली गेली.

अंधार पडल्यावर गच्चीवर चंद्र बघू. सध्या तो अर्धा आहे, हे बरंच. पौर्णिमेला सपाट दिसतो; अर्ध्या चंद्रावर उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं सावल्यांमुळे उठून दिसतात. घरी दुर्बीण असेल तर आणा, मात्र सूर्य मावळेपर्यंत ती पिशवीतच राहू द्या. सूर्याकडे दुर्बिणीतून क्षणभर पाहिलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

येणाऱ्या मुलांची नावं शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवा.